विश्वासू नाखवा

थापा पकडणं हा माझा धंदा आहे. हॉलंडमध्ये, लायडनच्या विद्यापीठात त्यासाठी मला चक्क शिष्यवृत्ती मिळत होती. हजार वर्षांपूर्वी अरब आणि इराणी खलाशी पूर्वेकडे जायचे आणि परत येऊन वाट्टेल ते सांगायचे. हत्ती उचलून नेणारा पक्षी, फळांऐवजी बायका लटकणारं झाड, बेट समजून पाठीवर चूल पेटवली की बुडी मारणारं कासव. तू स्वतः पाहिलंस का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: एका विश्वासू नाखव्याने सांगितलं. त्या नाखव्याला दुसऱ्या नाखव्याने. चार वर्षं मी या मंडळींची उलटतपासणी करत होते, आणि मला त्यांचा मनापासून राग यायचा.

२००५च्या जूनमध्ये बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे, लायडनजवळच्या रायस्वाइकला आले. ठाण्यात त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाची रीतच आहे, मुलांकडे परदेशी जाऊन आलेल्याने परतल्यावर भाषण द्यायचं. बाबा विमानात बसण्याआधीच त्यांच्या भाषणाची तारीख संघाच्या फळ्यावर लागली होती.

माझा प्रबंध ऑगस्टअखेर द्यायचा होता. दर शुक्रवारी मी म्हणायचे, "बाबा, पुढच्या शनिवारी नक्की." गुडघ्यामुळे त्यांना एकट्याने गाड्या बदलत हिंडणं जमत नव्हतं. ते सुपरमार्केटपर्यंत जायचे, कालव्याकाठच्या बाकावर टेकायचे आणि दूध घेऊन परत यायचे. असे बारा शनिवार गेले. एकदाही तक्रार नाही. "तुझं आधी होऊ दे," एवढंच.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी चहाबरोबर वही पुढे सरकवली.

"भाषण लिहिलंय. जरा नजर टाक. तुझं तर कामच आहे हे."

लाल पेन माझ्या हातात असतंच. पहिल्याच पानावर ट्यूलिपची शेतं, नजर पोचेल तिथपर्यंत.

"बाबा, ट्यूलिप एप्रिलमध्ये असतात. तुम्ही आलात जूनमध्ये."

"कुशलच्या वडिलांनी पाहिलीत की." कुशल वरच्या मजल्यावर राहतो. त्याचे वडील एप्रिलपासून जुलैपर्यंत इथे होते. "रोज बाकावर शेजारी बसायचे. एकदम विश्वासू माणूस."

मला ठसका लागला. मी काट मारली.

"आणि पवनचक्कीत वरपर्यंत चढलात? या गुडघ्याने?"

"तेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे, त्यांना त्यांच्या साडूंनी."

मग मी सपासप खोडत सुटले. चीजचा बाजार गेला, समुद्र थोपवणारा बंधारा गेला. इतकी वर्षं जो हाती लागत नव्हता, तो नाखवा आज माझ्याच टेबलाशी चहा पीत बसला होता. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं. "माझी मुलगी मृदुला हिने प्रबंधाचं काम बाजूला ठेवून, रजा काढून, हे सगळं मला स्वतः हिंडवून दाखवलं."

पेन थांबलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" आवाज चढवायचा होता, चढला नाही.

बाबांनी कप बशीत ठेवला. "तेवढं राहू दे गं. बाकीचं सगळं खोडलंस तरी चालेल. तिथे लोक तुला लहानपणापासून ओळखतात."

मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. खलाशी थापा का मारायचे, यावर माझ्या प्रबंधात साठ पानं होती.

विमानाला सहा तास होते. मी कोरे कागद घेतले आणि भाषण पहिल्यापासून माझ्या अक्षरात उतरवायला बसले. ट्यूलिप भर जूनमध्ये फुलवले, बाबांना गुडघ्यासकट पवनचक्कीवर चढवलं, बंधारा पुन्हा बांधला. शेवटच्या वाक्यापाशी आले आणि हात पुढे जाईना.

"दे इकडे," बाबा म्हणाले. "तेवढं मी लिहितो."