न दुखणाऱ्या खुब्याचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना एक्स-रे आहे. जुना म्हणजे वयाने तीनच वर्षांचा. पण कपाटावर पडून राहिले की तीन वर्षेही फार होतात. आमच्या भागात मला कोणी एक्स-रे म्हणत नाही, 'फोटो' म्हणतात. आणि फोटोत दिसले म्हणजे झालेच, असे लोकांना वाटते. त्या वाटण्यानेच एका मुलीचे नुकसान झाले, आणि ते माझ्या हातून झाले.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा होतो. महागावच्या एका दवाखान्यात माझ्यावर ममताची हाडे उमटली. ममता तेव्हा नववीत होती. आठशे मीटरच्या शर्यतीत ती तालुक्यात पहिली आली होती आणि पंधरा दिवसांनी तिला यवतमाळला जिल्ह्याच्या स्पर्धेत धावायचे होते. मधेच शाळेतून येताना सायकल घसरली, ती उजव्या अंगावर पडली आणि खुबा सुजला. म्हणून तिचे वडील देवराव तिला घेऊन आले होते. एक्स-रे काढणाऱ्या घनश्यामने मला उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "काय साफ आला फोटो!" आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच. मी अगदी फुशारून गेलो होतो.

डॉक्टरांनी मला दिव्याच्या पेटीवर लावले. हाड कुठे मोडले नव्हते. पण मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो ना, त्या गोळ्याखाली हाडाच्या मानेवर एक उंचवटा होता. गोळा हवा तसा गोल नव्हता.

"आधी कधी दुखलं होतं का इथे?"

"नाही जी. पडली म्हून आजच दुखते," ममता म्हणाली.

"मग काही करायचं नाही. सूज उतरली की धावू दे."

देवरावाची नजर मात्र माझ्यावरून हलली नव्हती. "पन डॉक्टरसाहेब, खुब्यात खोट आहे ना?"

"आकारात आहे थोडी, पण..." डॉक्टर सांगू लागले, तेवढ्यात देवराव मला पाकिटात घालून उठलाही होता.

या देवरावाविषयी सांगायला हवे. आसपासच्या गावांत कोणाला बैल घ्यायचा असला की देवरावाला सोबत नेतात. तो बैलाला चालवतो, वळवतो, खुब्यावर हात दाबून बघतो आणि पाय टाकण्यावरून सांगतो, याच्यात खोट आहे, घेऊ नका. देवरावाच्या नजरेतून खोट सुटत नाही, असे गाव म्हणते. अशा माणसाला लेकीच्या खुब्यात खोट दिसली. त्याने तिचे धावणे बंद केले.

आठ दिवसांत सूज उतरली. ममताने धावायचे बूट बाहेर काढले.

"बाबा, मले काहीच नाही दुखून राह्यलं."

"आज नाही दुखत. उद्या खुबा निसटला तं? जन्माची लंगडी होशील."

"बैल घेतानी तुमी त्याले चालवून पाह्यता. मले बी एकदा धावतानी पाहा ना!"

त्याने मला पाकिटातून काढले आणि तिच्यापुढे धरले. "हे पाह्य. आता अजून काय पाहू?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. माझ्यात हाडाचा आकार दिसतो, दुखणे दिसत नाही. न दुखणेही दिसत नाही. मी इतका साफ आलो नसतो तर फार बरे झाले असते.

शाळेच्या दीपा मॅडम घरी येऊन विनवून गेल्या. त्यांनाही मलाच दाखवले. स्पर्धेच्या दिवशी ममता ओट्यावर बसून होती.

मग जपणे सुरू झाले. आई सत्यभामा तिला पाण्याची बादली उचलू देईना, खाली मांडी घालून बसू देईना. "जपून व, तुह्या खुब्यात खोट आहे," हे दिवसातून दहा वेळा. दुखते का, असे मात्र त्या डॉक्टरांनंतर तिला कोणीच विचारले नाही. पहिल्या वर्षी ममता रडायची, भांडायची. दुसऱ्या वर्षी भांडण थांबले. ती भिंत धरून उठू लागली, उजवा पाय हलकाच टाकू लागली. कपाटावरून मला सगळे दिसायचे. माझ्या शेजारीच तिचे बूट ठेवले होते.

यंदा ममताची बारावी झाली आणि शाळेच्या स्पर्धा तिच्यासाठी संपल्या. त्याच महिन्यात देवराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उतरताना घसरून पडला. या वेळी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या; त्याचाही फोटो निघाला. घरी आल्यावर त्याने मला खाली काढले आणि आम्हा दोघांना दारातल्या उजेडात शेजारी शेजारी धरले. त्याच्या फोटोतही तोच उंचवटा होता. माझ्यातल्यापेक्षा मोठा, आणि दोन्ही बाजूंना.

"डॉक्टरीणबाई म्हने," तो सत्यभामेला सांगू लागला, "अशी हाडं लय जनायची असते. ज्यायले दुखत नाही त्यायचा फोटोच कोनी काढत नाही, म्हून मालूम पडत नाही."

"अन् तुमाले?"

"चाळीस वर्सं वखरामागं चाललो. एक दिवस खुबा दुखला नाही."

त्याने दोन्ही फोटो बाजूला ठेवले. मग त्याने हाक मारली. "ममता, जरा अंगनात चालून दाखव बरं."

तीन वर्षांपूर्वी तिने मागितले होते, ते तिला असे मिळाले. तिने भिंत सोडली, गोठ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. तिचा उजवा पाय लंगडत होता. देवरावाच्या नजरेतून खोट सुटत नाही. तीही सुटली नाही.

"दुखते काय व?"

"आता मले समजतच नाही, बाबा."

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. माझ्यासारखा फोटो तुमच्या घरी आला, तर त्याला उजेडात धरण्याआधी ज्याची ती हाडे आहेत त्याला विचारा, त्याला चालू द्या, आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मला बघणारे पुष्कळ भेटले. तिचे ऐकणारे घरात कोणी नव्हते.

आता आम्ही दोघे फोटो एकाच पाकिटात, कपाटावर, त्या बुटांशेजारी आहोत. बूट अजून चांगले आहेत. ममताला ते आता होत नाहीत.