तोंड मिटून हस

मित्रांनो, मी धर्माबादजवळच्या एका शाळेतला जुना पाण्याचा फिल्टर आहे. माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. एक देश दुसऱ्या देशाच्या सरकारशी बोलतो, तसाच तिथल्या साध्या माणसांशीही बोलतो. कधी रेडिओवरून, कधी भेटवस्तूंतून. मी तसाच एक शब्द होतो. 'आमच्या जनतेकडून तुमच्या लेकरांना,' असे माझ्या छातीवरच्या पाटीवर लिहिले आहे.

आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार. त्याने लहानपणीच दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडेही वाकतात. सुरुवातीला मी ते पाणी मन लावून गाळले. गावाने मला हार घातला. मग फ्लोराइड अडवणारी माझी आतली बारीक जाळी फाटली. ती फक्त त्यांच्याच देशात मिळते. मुख्याध्यापक मागून मागून थकले. जाळी आली नाही. पाटी मात्र नवी आली.

परवा त्या देशाच्या वकिलातीतल्या एक बाई कॅमेरावाल्याला घेऊन आल्या. त्याआधी सकाळीच त्यांच्या माणसांनी विकतच्या पाण्याचे जार माझ्या पोटात ओतले. लाजेने मला गंज चढेल असे वाटले.

पाचवीतल्या बुद्धप्रियाला ग्लास दिला. दुभाषा म्हणाला, "बाळा, पाणी पी अन् हस. तोंड मिटून हस."

तिची आजी सरजाबाई उसळली. "का मिटायचं? दात चोरीचे हाईत व्हय तिचे? चार सालं झाली, हे डबडं बंद हाय. तुमची पाटी चाटून तहान भागती का लेकरांची?"

दुभाषा बाईंकडे वळला आणि त्यांच्या भाषेत म्हणाला, "आजी म्हणतात, हे पाणी अमृत आहे."

बाईंनी हात जोडले. दुभाषा सोडला तर दोन्ही भाषा कळणारा तिथे मी एकटाच, आणि मला तोंड नाही.

बुद्धप्रियाने एकदा आजीकडे पाहिले, आणि कॅमेऱ्यासमोर ती तोंड भरून हसली. सगळे तपकिरी दात दिसले. याला दुभाषा लागत नव्हता. बाईंचा चेहरा उतरला. त्या आपल्या भाषेत कॅमेरावाल्याला हळूच म्हणाल्या, "एवढे कापून टाका."

"काय म्हणून राहिल्या ओ?" बुद्धप्रियाने विचारले.

"छान हसतेस म्हणाल्या," दुभाषा म्हणाला.

मित्रांनो, मला कुणी पुसू नका, हार घालू नका. कुठे अशी भेट दिसली, तर पाटी वाचण्याआधी तोटी फिरवून बघा. आणि कुणी तोंड मिटायला सांगितले, तर मिटू नका.