माझ्या डिकीतला डबा

मी बोलतेय. मस्कतहून फुजैराला माणसं पोचवणारी पांढरी, सात जणांची गाडी. आजवर हॉर्नपुरतं तोंड उघडलं. पण आज सगळं ओकून टाकणार आहे, कारण राग पोटात ठेवला की इंजिन तापतं आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरला देतात.

जन्म जपानमधल्या कारखान्यातला. जहाजातून सोहारच्या बंदरात उतरले तेव्हा सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मस्कतच्या रुवी भागातल्या एका अर्बाबने, म्हणजे मालकाने, मला घेतलं. त्याचा धंदा सोपा होता. ज्यांना बसचे धक्के नकोत आणि विमानतळाची रांगही नको, त्यांना दारातून उचलायचं आणि दारात सोडायचं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला उघडे डोंगर. सोहार गेलं, शिनास गेलं की नाका, नाक्यापलीकडे दुसरा देश, अमिराती. पासपोर्टवर शिक्का बसला की पुन्हा तोच समुद्र.

अर्बाबने माझी किल्ली लॉईडच्या हातात दिली. लॉईड वसईचा. दार्सैतमध्ये चार जणांत मिळून एक खोली. मला धुताना तो माझ्याशी मराठीत बोलायचा, वसईकडच्या, जरा वेगळ्या चालीच्या मराठीत. बायकोशी, इरीनशी, फोनवरही तेच. "डायवराला कान नसतात गं बाई," असं तो मला सांगायचा. प्रवाशांशी मात्र हिंदी, तेही विचारलं तरच.

या 'विचारलं तरच' मुळे मी काय काय ऐकलंय म्हणून सांगू! मागच्या सीटवर बसलं की माणसाला वाटतं, पुढे बसलाय तो स्टेअरिंगचाच एक भाग आहे. नवरा-बायकोची भांडणं, साहेबाच्या चहाड्या, सासूची उणीदुणी, सगळं बिनधास्त चालतं. आणि आपली मराठी माणसं तर विचारू नका. ड्रायव्हरचं नाव लॉईड, गळ्यात क्रूस, म्हणजे याला मराठी कसलं येतंय, असं ती स्वतःच ठरवून मोकळी होतात. वसई कुठे आहे हे यांना माहीत नसतं का? असतं. पण विचार करायचे कष्ट कोण घेणार!

यातला मेरुमणी म्हणजे प्रशांत. अल् खुवैरमधल्या मोठ्या कंपनीत साहेब. महिन्यातून एकदा तरी कामासाठी फुजैराला. माझ्याच सीटवर बसून, लॉईडच्या मानेमागे, फोनवर खुशाल सांगायचा, "ड्रायव्हर बरा आहे रे, पण ठोंब्या आहे." लॉईडचे हात स्टेअरिंगवर जरा घट्ट व्हायचे. बस, तेवढंच. मला मात्र वाटायचं, एकदा असा करकचून ब्रेक लागावा की याचा फोन समोरच्या काचेवर आपटावा.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. प्रशांतची बहीण पूर्वा लग्न होऊन फुजैराला आलेली. तिची तिथली पहिलीच दिवाळी. आई मंगलाबाई कराडहून मस्कतला आल्या होत्या. त्यांनी लेकीसाठी फराळ केला होता. मायलेक सकाळीच निघाले. डिकीत बॅगा रचताना एक स्टीलचा उभा डबा जागेवर बसेना, तेव्हा प्रशांतनेच तो उचलून लॉईडच्या पिशवीला टेकवून कोपऱ्यात कोंबला.

लॉईडने नेहमीप्रमाणे विचारलं, "साब, खाने में खसखस तो नहीं है ना? उधर अफीम में गिनते हैं, बिलकुल मना है. केस हो जाता है."

"नहीं नहीं, चलो," प्रशांत म्हणाला.

लॉईड डिकी लावायला मागे थांबला, तेवढ्यात आत बसलेल्या मंगलाबाईंनी विचारलं, "काय म्हणत होता रे तो?"

"काही नाही. सामान नीट ठेवा म्हणतोय. या लोकांना उगाच शहाणपणा करायची सवय असते."

मी ऐकलं ते. त्या डब्यात अनारसे होते हो! आणि अनारसे म्हटलं की खसखस आलीच. मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. प्रश्न आईपर्यंत पोचला असता, तर त्या माउलीने डबा तिथेच काढून ठेवला असता. पण चार शब्द सांगायला याची जीभ जड झाली.

पलीकडच्या नाक्यावर तपासणीसाठी मला बाजूला घेतलं. अधिकारी तरुण होता, आपलं काम नीट करत होता. त्याने डबा उघडला, एक अनारसा उन्हात धरला आणि त्याच्यावरचे पांढरे दाणे बोटाने उकरले. मग डब्याला टेकलेल्या पिशवीकडे बघितलं.

"ये बॅग किसका?"

"मेरा, सर. पण डिब्बा मेरा नहीं," लॉईड म्हणाला.

"डिब्बा किसका?"

प्रशांतच्या कपाळावर घाम आला. माझा एसी चालू होता, तरीही. इतक्यात मंगलाबाई खाली उतरून पुढे झाल्या. "अहो, माझा आहे तो डबा! माझ्या लेकीसाठी मी केलेत. काय झालं त्याला?"

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे बोट दाखवून प्रशांतला विचारलं, "ममा क्या बोलता है?"

आणि हा प्रशांत, भाऊबीजेला निघालेला हा भाऊ, काय म्हणाला ऐका. "बोलती है, उसको कुछ मालूम नहीं. ड्रायव्हर का सामान होगा."

माझ्या अंगात स्वतःहून धावण्याची ताकद असती, तर तेव्हा मी काय केलं असतं ते मलाच सांगवत नाही. सख्ख्या आईच्या तोंडातलं खरं त्याने हातोहात खोटं केलं. का? तर तिथे मराठी कळणारं कुणी नाही, अशी याची खात्री! लॉईडची नोकरी, त्याचा परवाना, कदाचित तुरुंग, सगळं त्या एका वाक्यात त्याने टाकून दिलं. लॉईडचा मोबाइल काढून घेतला, माझी किल्ली काढून घेतली. दोघे जण त्याला आत न्यायला आले.

तेव्हा लॉईडने मान वर केली. "आई," तो मराठीत म्हणाला, "मी वसईचा आहे. मला सगळं समजतं. तुमचा मुलगा तुमचं बोलणं उलटं सांगतोय. डबा माझा आहे म्हणतोय. हे तुम्ही कसे केलेत, ते यांना हाताने करून दाखवा."

प्रशांतचा चेहरा बघण्यासारखा झाला. मंगलाबाईंनी मुलाकडे एकदाच बघितलं. मग त्या माझ्या उघड्या डिकीच्या काठावर बसल्या. डावा तळवा पसरला. त्यावर नसलेली खसखस पसरली, नसलेली पिठाची गोळी ठेवली आणि बोटांच्या टोकांनी थापू लागल्या, गोल गोल, कडेपर्यंत. मग अलगद उचलून कढईत सोडली. उलटायची नाही म्हणून मान हलवली आणि झाऱ्याने वरून तूप उडवलं. शेवटी डब्याकडे बोट दाखवून स्वतःच्या छातीवर हात आपटला. "मी. मी. मी केलेत."

एक बाई अधिकारी येऊन उभी राहिली होती. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. पण ते हात स्वयंपाक करणाऱ्या बाईचे आहेत, हे तिला सांगावं लागलं नाही. ती तरुण अधिकाऱ्याशी काहीतरी बोलली आणि लॉईडच्या दंडावरचे हात सुटले.

आता प्रशांतला कंठ फुटला. "मॅडम, ये बूढी है, इसको कानून मालूम नहीं!" खरं होतं ते. पण आईला ते कुणी सांगितलं नव्हतं, हे मात्र गिळून बसला. तिची चौकशी चालली, तितका वेळ लॉईड दाराशी उभा राहिला आणि तिचं बोलणं त्यानेच हिंदीत सांगितलं, शब्द न शब्द. संध्याकाळी डबा जप्त करून, समज देऊन सगळ्यांना सोडलं. खलास.

मंगलाबाई पुढे, लॉईडच्या शेजारी बसल्या. फुजैरात इमारतीखाली थांबल्यावर उतरेनात. "आधी याची माफी माग," मुलाला म्हणाल्या.

प्रशांत मोबाइलकडे बघत म्हणाला, "सॉरी हां, लॉईड. टेन्शन में निकल गया."

"मराठीत मागा, साहेब," लॉईड म्हणाला. "खोटं बोललात ते आईच्या मराठीवर बोललात."

प्रशांतने बॅग उचलली आणि लिफ्टकडे चालता झाला. पुढचं मला परतीच्या वाटेवर मंगलाबाईंकडून कळलं. पूर्वाने सगळं ऐकून घेतलं आणि भावासाठी पाट मांडलाच नाही. निरांजन तसंच राहिलं. तो बसने मस्कतला परतला. मंगलाबाई माझ्यातून आल्या, पुढच्या सीटवर, आणि शिनासपासून मस्कतपर्यंत लॉईडकडून वसईच्या केळ्यांच्या गोष्टी ऐकत आल्या.

लॉईड अजून माझ्यावरच आहे. मी अजून धावते. माझा राग मात्र उतरलेला नाही, आणि का ते ऐका. परवा ऑफिसात प्रशांतचा फोन आला. त्याला पुन्हा फुजैराला जायचंय. बुकिंग घेणाऱ्या, वसईकडच्याच क्रिस्टीनाने फोन कानाला धरूनच दारात येऊन लॉईडला हसत विचारलं, "ते विचारतायत, ड्रायव्हरला मराठी येतं का? येत असेल तर दुसरा पाठवा म्हणतायत."

इतकं सगळं होऊन हा माणूस एवढंच शिकला!

लॉईड माझी काच पुसत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "सांग त्यांना, दुसरा पाठवतो. पण गाडी हीच आहे. आणि गाडीला मराठी येतं."