यादीतला सगळ्यात वरचा लेख

धाकट्या भावाला घरात सगळे खटपट्या म्हणत. लहानपणी त्याने घरातलं घड्याळ उघडलं, मग पंखा, मग शेजाऱ्यांचा रेडिओ. मोठेपणी लिफ्ट दुरुस्तीचं काम पत्करलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. बंद पडलेली वस्तू सुरू होतेच, फक्त बिघाड सापडला पाहिजे, यावर त्याची अढळ श्रद्धा. बायकोच्या आजारापुढेही तो हीच श्रद्धा घेऊन उभा राहिला.

आजार स्नायू झिजवणारा होता. शिवणकाम शिकवणाऱ्या त्या बाईच्या हातून आधी कात्री सुटली, मग पाण्याचा पेला, आणि आता तर दोन वाक्यं बोलायची म्हटलं तरी तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागे. यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. खटपट्याने ते ऐकून घेतलं आणि थेट थोरल्या बहिणीचं वाचनालय गाठलं.

ताई वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल होती. जगभरचे वैद्यकीय लेख ज्या डेटाबेसमध्ये नोंदले जातात, तो कसा धुंडाळायचा हे तिने त्याला शेजारी बसवून शिकवलं. "हे बघ, लेख छापल्याची तारीख वेगळी आणि तो इथे नोंदल्याची तारीख वेगळी," ती म्हणाली होती. "छापलेलं इथे यायला कधी कधी महिने जातात. छापल्याच्या तारखेने गेल्या आठवड्यातलं मागत बसलास, तर उशिरा आलेलं तुला कधीच दिसायचं नाही. म्हणून नोंदीची तारीख लावायची." खटपट्याने ते शिरसावंद्य मानलं. दर आठवड्याला तो नव्याने नोंदलेले लेख चाळायचा. इंग्रजी अडलं की ताईला फोन.

एका दुपारी तो कामाच्या कपड्यांतच वाचनालयात शिरला. हाताला वंगण, आणि त्याच हातात छापून आणलेला कागद.

"ताई, सापडलं!"

चार मुलांनी पुस्तकातून माना वर केल्या. ताईने त्याला दटावलं नाही. गेल्या वर्षभरात त्याचा चेहरा असा उजळलेला तिने पाहिला नव्हता.

"यादीत सगळ्यात वर होता. परवाची नोंद आहे. अकरा रुग्ण, त्यातले आठ सुधारले! एका खासगी दवाखान्यात ते औषध मिळतं, मी फोन करून विचारलं. उद्या सकाळी निघतोय. दोन दिवसांचा रस्ता आहे, पण गाडीत ऑक्सिजनची सोय केलीये."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"प्रवास झेपायचा नाही म्हणाले. त्यांचं काय जातंय म्हणायला!"

ताईने औषधाचं नाव वाचलं. हे नाव तिने फार पूर्वी कुठेतरी पाहिलं होतं. तिने लेख पडद्यावर उघडला. नोंद खरोखरच परवाची होती. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापल्याचं साल होतं, सोळा वर्षांपूर्वीचं. त्या मासिकाचे जुने अंक याच आठवड्यात डेटाबेसमध्ये भरले गेले होते, आणि नोंदीच्या हिशेबाने ते शिळं सगळं ताजं ठरून वर येऊन बसलं होतं.

तिने आता छापल्याची तारीख लावली आणि त्या सालानंतर या औषधावर काय काय आलं ते मागवलं. फार शोधावं लागलं नाही. मोठी चाचणी झाली होती, शेकडो रुग्णांवर. गुण शून्य. उलट औषध घेतलेल्यांचा श्वास लवकर थकला होता.

ती सावकाश, एकेक ओळ मराठीत सांगत गेली. तो पडद्याकडे बघत राहिला.

"तूच म्हणालीस ना, नोंदीची तारीख लाव म्हणून?"

"म्हणाले. नवं सुटू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं रे. जुनं मागाहून आत येईल, हे तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

तो म्हणाला, "पण ते आठ जण? ते तर सुधारले होते ना?"

तो जुना लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांचं त्याच मासिकात पुढे छापलेलं पत्र ताईच्या पडद्यावर उघडंच होतं. माहीत नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण उद्या सकाळी गाडी दारात उभी राहणार होती.

"दोन वर्षांत सगळे गेले," ती म्हणाली.

खटपट्याने कागदाची घडी घातली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून हातातच धरून बसला.

संध्याकाळी दोघं मिळून घरी गेले. वाटेत ताईच्या मनात एकच होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि ती काडी आपण आपल्या हाताने काढून घेतली. भावजय खिडकीपाशी खुर्चीत टेकून बसली होती, बॅग भरून तयार. खटपट्या तिच्यासमोर जमिनीवर बसला. शेवटी ताईच म्हणाली, "उद्या जायचं नाही गं. ते औषध खरं नाही. लागू पडत नाही."

भावजयीने डोळे मिटले. ताईला वाटलं, आता हिने हाय खाल्ली.

"बरं झालं," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "मला पोहोचायची खात्री नव्हतीच."

"मग हो का म्हणालीस?" खटपट्याचा आवाज फाटला.

"तू एवढा धावत होतास. नाही म्हणायला जीभ रेटेना." ती पुन्हा थांबली. "पण रोज भीती वाटायची. वाटेतच गेले असते, तर तू जन्मभर म्हणाला असतास, मीच नेली, मीच मारली."

खटपट्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडला. तिला त्याच्या केसांवरून हात फिरवायचा होता, पण हात उचलवेना. ताईने पुढे होऊन तो हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.