बाराव्या अंकाचं पाचवं मुद्रण

प्रूफवाल्यांचा आपल्या मेहुण्यावर राग होता आणि तो त्यांनी वीस वर्षं आपल्या कॉमिक्सच्या अंकांसारखा जपला होता: पारदर्शक पिशवीत, पाठीला पुठ्ठा लावून, धूळ बसू न देता. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, दातांचा डॉक्टर. दोघांनाही वेड एकच, सुपरहिरोंची कॉमिक्स. आता एवढं वेड सारखं असल्यावर माणसांनी एकमेकांच्या गळ्यात पडावं, पण हे दोघे एकमेकांच्या नरडीला लागले. कारण डॉक्टर पहिलं मुद्रण जमवायचे आणि प्रूफवाले त्यानंतरची.

हा फरक बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. एखादा अंक आठवड्यात संपला की प्रकाशक तो पुन्हा छापतो आणि दुकानदाराचा गोंधळ होऊ नये म्हणून मुखपृष्ठाचा रंग बदलतो. तोही संपला तर तिसऱ्यांदा छापतो, आणखी कमी प्रतींत. जग धावतं पहिल्या मुद्रणामागे. पुढची मुद्रणं पोरंटोरं फाडतात, रद्दीत जातात, आणि म्हणूनच ती मिळता मिळत नाहीत. प्रूफवाल्यांनी एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. दुसऱ्या मुद्रणात झग्याचा चुकलेला रंग दुरुस्त झालाय, तिसऱ्यात खलनायकाच्या तोंडचं अर्धं वाक्य गळलंय, हे त्यांना चहाचा घोट घेता घेता दिसायचं. डॉक्टर या अंकांना ‘उष्टे अंक’ म्हणायचे. तेही बहिणीच्या घरी, बहिणीच्या हातचं जेवताना.

प्रूफवाल्यांकडे उत्तर होतं ते त्यांच्या यादीचं. कोणत्या अंकाची किती मुद्रणं निघाली, कुठलं कसं ओळखायचं, याची ही यादी त्यांनी चौदा वर्षं खपून केली होती. संग्राहकांच्या ग्रुपवर दोन हजार माणसं होती आणि यादीत आहे ते आहे, नाही ते नाही, असा तिथला कायदा होता. नियमही प्रूफवाल्यांचेच. फोटो हा पुरावा नाही. प्रत स्वतः हाताळलेली हवी. सगळी पानं जागच्या जागी हवीत. मालकाने ती कुठून आणली हे सांगायला हवं. हे नियम लिहिताना त्यांना आपण न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडलं होतं.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं की ‘निखारा’ या मालिकेच्या बाराव्या अंकाचं पाचवं मुद्रण त्यांनी एका जुन्या दुकानात डोळ्यांनी पाहिलं, मुखपृष्ठ हिरवं होतं, विकत घ्यायला पुन्हा गेले तेव्हा दुकान बंद झालं होतं. यादीत लाल, निळं, पिवळं आणि काळं अशी चारच मुद्रणं होती. झालं, प्रूफवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी दोन हजार लोकांसमोर मेहुण्याची अशी काही सालटी काढली की विचारू नका. भूल द्यायचं औषध डॉक्टरांनी चुकून स्वतःलाच टोचलं असावं, असंही लिहिलं. लोक आठवडाभर हसत होते. यादीत त्यांनी मुद्दाम एक ओळ वाढवली: पाचवं मुद्रण नाही. तेव्हापासून डॉक्टर बहिणीकडे जेवायला आले नाहीत.

आणि मग एक दिवस ते आले. जेवायला नाही. दारातच उभं राहून त्यांनी पिशवी पुढे केली आणि एवढंच म्हणाले, “जावईबापू, तपासा. काय ते ग्रुपवर लिहा.” बायकोने आत बोलावलं तरी ते थांबले नाहीत.

पिशवीत हिरवा अंक होता.

प्रूफवाल्यांनी हात धुतले, कोरडे केले, खिडकीपाशी टेबल ओढलं आणि भिंग घेतलं. मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरांत ‘पाचवं मुद्रण’ छापलेलं होतं. ते कोणीही छापेल. त्यांनी नववं पान उघडलं. या पानाबद्दल त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, यादीतही लिहिलं नव्हतं. छपाईच्या फिल्मवर कोणाचं तरी नख लागलं होतं आणि निखाऱ्याच्या हनुवटीखाली एक काळी रेघ उमटली होती. पहिल्या मुद्रणात ती नव्हती. दुसऱ्यात केसाएवढी, तिसऱ्यात गळ्यापर्यंत, चौथ्यात छातीच्या चिन्हाला टेकलेली. दर वेळी फिल्म हाताळली गेली आणि ओरखडा वाढला. खोटा अंक करणाऱ्याला हे सुचणं शक्य नव्हतं, कारण ही रेघ जगात एकाच माणसाला माहीत होती. हिरव्या अंकात ती चिन्ह ओलांडून कमरेच्या पट्ट्यापर्यंत गेली होती.

त्यांना आनंद झाला. इतका की डोळे भरून आले. चौदा वर्षांत इतकी सुंदर गोष्ट त्यांच्या हाती आली नव्हती. बायको बाजूला उभी होती, तिने विचारलं, “खरा आहे ना?” त्यांनी मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यात त्यांना तिच्या भावाचं नाक दिसलं. तेच नाक, त्याच नाकाने वीस वर्षं कांदे सोलले होते. तो आनंद तिथेच विटला. दोन हजार लोकांपुढे त्या माणसाची माफी मागायची, या विचारासरशी त्यांनी अंक मिटला.

संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर निकाल दिला. आतला अंक चौथ्या मुद्रणाचा आहे, हिरवं मुखपृष्ठ मागाहून कोणीतरी छापून चढवलं आहे. डॉक्टर बिचारे फसले. ‘बिचारे’ हा शब्द त्यांनी तीनदा लिहून तीनदा खोडला आणि शेवटी ठेवला. डॉक्टरांनी वाद घातला नाही. अंक घेऊन गेले आणि जाताना बहिणीला म्हणाले की यादीवाल्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि त्या दिवसापासून ती त्यांच्या चहात साखर घालायचं विसरू लागली.

महिन्याभरात प्रूफवाल्यांची डावी दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. दुसऱ्या डॉक्टरकडे जातो म्हणाले तर बायको म्हणाली, सख्खा भाऊ असताना लोक काय म्हणतील, आणि अपॉइंटमेंट घेऊन मोकळी झाली. दाढेच्या मुळापर्यंत कीड गेली होती. चार वेळा यावं लागेल, असं तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं आणि बसायला खुर्ची दाखवली.

खुर्चीशेजारच्या खिळ्याला हिरवा अंक टांगलेला होता.

पेशंटनी उचलून नेऊ नये म्हणून डॉक्टरांनी दाताच्या ड्रिलने त्याच्या कोपऱ्याला आरपार भोक पाडलं होतं आणि त्यात दोरी ओवली होती. मुखपृष्ठावर कोणीतरी बॉलपेनने फोन नंबर लिहिला होता. शेजारच्या गृहस्थांनी तो अंक ओढून घेतला, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. प्रूफवाल्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की त्या गृहस्थांनी सहानुभूतीने विचारलं, फार दुखतंय का. प्रूफवाले हो म्हणाले.

दुसऱ्या खेपेला अंकाची पाठ सुटली होती आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी जुन्या पिना उपटून नव्या मारल्या होत्या, त्याही वाकड्या. त्या दिवशी डॉक्टर बोलले. प्रूफवाल्यांच्या तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी होती, तेव्हा बोलले.

“मुखपृष्ठ बदललं असतं तर पिनांची जुनी भोकं दिसली असती, जावईबापू. मीही बघितलं होतं, माझ्या भिंगातून. एकच जोडी होती. आता बाईंनी दुसरी पाडली, ते सोडा. तो खरा आहे हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं.” सुई आत गेली. “ग्रुपवर तेवढं लिहा, अंक तुमचा. मला नको तो. मला फक्त तुम्ही लिहिलेलं वाचायचंय.”

प्रूफवाले आढ्याकडे बघत पडून राहिले. तोंड रिकामं झालं तेव्हा त्यांनी चूळ भरली, गाल पुसला आणि दात-ओठ खात, म्हणजे ज्या बाजूने खाता येत होते त्या बाजूने, घरी गेले.

पुढचे दहा दिवस त्यांनी काढले कसे, ते त्यांनाच ठाऊक. डोळे मिटले की बोट जिभेला लागायचं आणि पान उलटायचं. लिहायला बसायचे, ‘डॉक्टरांचं म्हणणं’ एवढं लिहून व्हायचं आणि पुढे हात चालायचा नाही. एवढा हट्ट त्यांनी स्वतःच्या लग्नातही केला नव्हता. तिसऱ्या खेपेला जाताना मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आज अंक मागायचा. माफी नंतर बघू.

खिळ्यापाशी जाऊन त्यांनी आधी नववं पान उघडलं. आठनंतर थेट अकरा होतं. मधला कागद मुळाशी फाटलेला होता.

त्यांनी बाईंना विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. बाई म्हणाल्या की काल एका आजोबांना काढलेला दात घरी न्यायचा होता, हाताशी कागद नव्हता, म्हणून दिलं फाडून. काही महत्त्वाचं होतं का त्यावर?

प्रूफवाले त्या दिवशी आत गेलेच नाहीत. खिशातल्या चावीने दोरी घासून तोडली, अंक छातीशी धरला आणि बाई हाका मारत असताना निघून आले. घरी येऊन चपला न काढता त्यांनी ग्रुपवर लिहिलं, आणि या वेळी सगळं लिहिलं. बाराव्या अंकाचं पाचवं मुद्रण आहे. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. नवव्या पानावरच्या रेघेवरून कळलं. मी खोटं बोललो, मेहुण्याच्या द्वेषापोटी बोललो. आठ वर्षांपूर्वी त्यांचा पाणउतारा केला त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. यादी दुरुस्त करावी.

लोकांनी पुरावा मागितला. नववं पान कुठे आहे? पान नाही. निदान फोटो? काढला नाही, आणि फोटो चालत नाही हा नियम कोणाचा? पिना? नव्या आहेत. मुखपृष्ठ? ते खोटं असल्याचं तुम्हीच लिहून दिलंय. मग एकाने विचारलं की तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, आणि यादीत आणखी काय काय असंच आहे? दुपारपर्यंत लोक त्यांच्या इतर नोंदी उकरायला लागले. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की नियमाप्रमाणे मालकाला विचारावं. प्रूफवाले फोन हातात धरून बसले. अख्ख्या जन्मात त्यांनी मेहुण्याच्या शब्दाची अशी वाट पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी संध्याकाळी लिहिलं: “माझा अंक यादीकर्त्यांनी स्वतः तपासून खोटा ठरवला. मी त्यांचा शब्द मानला आणि अजूनही मानतो. तो कुठून आणला ते सांगायची आता गरज राहिली नाही.”

‘पाचवं मुद्रण नाही’ ही ओळ राहिली. यादीखालचं प्रूफवाल्यांचं नाव तेवढं काढलं गेलं.

दाढ अर्धवट राहिली होती. एका बाजूने जेवून जेवून जबडा दुखायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, “माझ्याकडे बघू नका. तोंड तुमचं आहे, तुम्हीच जा.” ते गेले. खुर्चीत पडले. डॉक्टरांनी दाढ साफ केली, भरली, वर टोपी बसवली. नळी निघाल्यावर प्रूफवाले उठून बसले. आता त्यांचं तोंड मोकळं होतं.

“तो खरा आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही एक शब्द लिहिला असता तर लोकांनी मानलं असतं. तुमचंही नाव झालं असतं.”

“झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी हातमोजे काढून डब्यात टाकले आणि बेसिनपाशी जाऊन सावकाश हात धुतले.

“मग आता हे फक्त आपल्यालाच माहीत.”

“आठ वर्षं मला एकट्याला माहीत होतं, जावईबापू,” डॉक्टर म्हणाले. “होते सवय.” मग त्यांनी दार उघडून पुढच्या पेशंटला हाक मारली.