एकाच ट्रॅक्टरचा ट्रेलर

मी एक ट्रेलर बोलतोय. ट्रॉली म्हणालात तरी चालेल, पण ट्रॉलीला असतात तसे बाजूचे फालके, म्हणजे उभे पत्रे, मला नाहीत. वर नुसता सपाट लोखंडी पत्रा, खाली चार चाकं आणि पुढे ओढायचा दांडा, एवढाच माझा संसार. रस्त्याने जाणाऱ्यांना मी अर्धवट सोडलेलं काम वाटतो. सिल्वासाहून आलेल्या एका पाहुण्याने तर मला बघून, याचं वरचं कुठे गेलं, असं विचारलं होतं.

सध्या मी किलवणीत, शेताच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली असतो. माझ्यात एक मोठी खोड आहे. मला स्वतःची चाल नाही. कुणी जोडून घेतलं तर मी कुठेही जाईन, नाही तर जिथे सोडलं तिथेच. आमच्या जातीत हे सगळ्यांचंच असतं, पण माझ्या बाबतीत ते जरा जास्तच झालं.

माझा मालक हेमंत देवरे. मूळचा नाशिककडचा, इथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. बायको भारती नाशिकला शाळेत शिकवते, म्हणून हा सामरवरणीच्या फ्लॅटमध्ये एकटा. शेजारच्या फ्लॅटमध्ये त्याच्याच खात्यातला अभिजीत राहायचा, पुण्याचा. दोघांचा डबा एक, गाडी एक आणि कारखान्याला शिव्या द्यायची वेळही एकच.

या दोघांना शेतीचं वेड लागलं. भिका नावाच्या शेतकऱ्याच्या रानाला लागून त्यांनी एक तुकडा खंडाने घेतला आणि बेत ठरवला, की भात कापून झालं की गावोगाव फिरून पेंढ्याच्या गाठी बांधून द्यायच्या आणि त्या तबेल्यांना पोचवायच्या. गाठी बांधायचं यंत्र आणि ते वाहून नेणारा ट्रेलर हेमंतने घ्यायचा, ट्रॅक्टर अभिजीतने. म्हणजे एकावाचून दुसऱ्याचं पान हलायला नको. ही वाटणी दोघांना फार आवडली होती.

मला निवडायला दोघे समाधानच्या वेल्डिंगच्या आवारात आले तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. समाधान जळगावकडचा, बोलायला मोकळा. त्याने पुष्कळ समजावलं, की साहेब, फालके लावून घ्या, रेती भरता येते, विटा भरता येतात. पण यांचं ठरलेलं होतं. यंत्र मागून सरळ वर चढलं पाहिजे, गाठींना चारही बाजूंनी दोर घालता आला पाहिजे, चाकं पत्र्याच्या खाली हवीत म्हणजे रुंदी वाया जात नाही. पत्रा खडबडीत हवा, कारण गुळगुळीत पत्र्यावरून पेंढा घसरतो. एखाद्या मुलीला स्थळ बघावं तसं त्यांनी मला पुढून, मागून आणि खालून वाकून बघितलं. इतकं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

मग निघाला जोडाचा प्रश्न. कुठल्याही ट्रॅक्टरला लागेल अशी साधी कडी समाधान लावणार होता, तेवढ्यात अभिजीतला कल्पना सुचली. गावात वस्तू घेतली की लोक मागायला येतात, आणि नाही म्हणणं या दोघांनाही जमत नव्हतं. कारखान्यात साहेबाला नाही म्हणता येत नाही आणि गावात शेजाऱ्याला. तेव्हा अभिजीत म्हणाला, "जोडच असा करू, की आपल्या ट्रॅक्टरशिवाय दुसऱ्या कुणाला लागणारच नाही. मग आपल्याला बोलावंच लागणार नाही."

हेमंतला ते फार हुशारीचं वाटलं. शिकल्यासवरल्या माणसांना सुचतात तसल्या गोष्टींपैकी ती एक होती. समाधानने डोकं खाजवत तो विचित्र गोल जोड बनवला.

पुढचे हंगाम माझे सुखाचे गेले. किलवणी, रांधा, आसपासचे पाडे, सगळं पालथं घातलं. यंत्र चढवायचं तर हे दोघे साखळीची पुली लावून तास घालवायचे, बघणारे कंटाळून घरी जायचे. येताना गाठींची चळत अंगावर घेऊन मी डुलत यायचो. पुढे अभिजीत ट्रॅक्टर चालवायचा, हेमंत त्याच्या शेजारी मडगार्डवर, आणि इंजिनच्या आवाजावर ओरडून दोघे गप्पा मारायचे. काय बोलायचे ते मला कधी नीट ऐकू आलं नाही, पण हसणं ऐकू यायचं.

एकदा भिका आला होता. त्याच्या मुलीचं लग्न होतं, मांडवाचे बांबू आणायला त्याच्या ट्रॅक्टरला मला लावायचं होतं. हेमंतने त्याला जोड दाखवला आणि हा तुमच्या ट्रॅक्टरला लागत नाही, म्हणून सांगितलं. भिका वाकून बघत राहिला, मग बरं म्हणून गेला. बांबू त्याने बैलगाडीने आणले. युक्ती कामाला आली म्हणून अभिजीत संध्याकाळी खूष होता. हेमंतने मात्र भिकाच्या घराकडे बघायचं टाळलं.

नंतर अभिजीतला पुण्याकडे नोकरी लागली. जाताना म्हणाला, दर हंगामाला येतो, दिवाळीत तर नक्कीच. पहिल्या दिवाळीला आला. पुढच्या दिवाळीच्या आधी त्याने माणूस पाठवून ट्रॅक्टर नेला, तिकडे थोडं काम आहे, पुन्हा आणून ठेवतो म्हणाला. तो ट्रॅक्टर वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मी इथेच होतो, दांडा जमिनीला टेकवून.

त्यानंतर माझं काम संपलं. यंत्रावर ताडपत्री पडली. माझ्या पत्र्यावर कोंबड्या बसायला लागल्या आणि उभ्या उभ्या माझी चाकं मातीत रुतली. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की मी कान देऊन आवाज ओळखायचा प्रयत्न करायचो. मला फार एकटं वाटायचं, हे लपवून काय करू?

हेमंत दर रविवारी यायचा. जोड पुसायचा, माझ्यावर बसून डबा खायचा. एका सुट्टीत भारती आली होती. तिने सगळं बघितलं आणि म्हणाली, "अहो, कापून टाका ना तो जोड. साधी कडी लावली की कुणाच्याही ट्रॅक्टरने काम होईल."

"अभिजीत आल्यावर काय करू मग?" हेमंत म्हणाला.

जोड कापायला समाधानला अर्धा दिवसही लागला नसता, हे हेमंतला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण कापला तर अभिजीत येणार नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तो ते करायला तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो.

मागच्या महिन्यात, असाच तो डबा खात बसला असताना अभिजीतचा फोन आला. हात भाजीने भरलेले, म्हणून फोन पत्र्यावर ठेवून त्याने स्पीकर लावला. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. अभिजीत मजेत होता. तिकडे त्याला शेतीत एक जोडीदार मिळाला होता, ट्रॅक्टरसाठी ट्रेलर करून घ्यायचा होता, म्हणून समाधानचा नंबर हवा होता.

"आपला तो जोड भारी होता रे, तसाच बनवून घेतो," तो म्हणाला. "तू तुझा ट्रेलर विकून टाकलास ना?"

हेमंत माझ्यावरच बसला होता. त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"हो, विकला ना," तो म्हणाला. "केव्हाच."

मग त्याने हात धुतले आणि समाधानचा नंबर पाठवला. डबा तसाच उघडा राहिला होता. बऱ्याच वेळाने तो उठला आणि बांध ओलांडून भिकाकडे गेला. परत आला तेव्हा भिका बरोबर होता. हेमंत त्याला मांडवाच्या वेळचं काहीतरी सांगू बघत होता, शब्द जुळत नव्हते.

"ते झालं साहेब," भिका म्हणाला. "पोरीला आता पोर झालंय. उद्या ट्रॅक्टर आणतो, कडीसाठी उंची मापून घ्या."

दुसऱ्या दिवशी समाधान गॅस कटर घेऊन आला. ठिणग्या उडाल्या, माझा दांडा तापला आणि तो गोल जोड खाली मातीत पडला. त्या जागी साधी कडी बसली. भिकाच्या ट्रॅक्टरची पिन तिच्यात गेली तेव्हा जरा खडखडलं, पण लागली. भिकाने दोन हिसके दिले तशी माझी चाकं मातीतून सुटली.

निघताना समाधानने तो कापलेला तुकडा उचलला. पुण्याच्या साहेबांचा काल फोन आला होता, म्हणाला, त्यांना असाच हवाय, मग नवा कशाला बनवू, हाच पाठवू का?

हेमंत घाईने नको म्हणाला. मग गाडीत बसायला गेलेल्या समाधानला त्याने पुन्हा थांबवलं.

"पाठव," तो म्हणाला. "त्याला ओळखू येईल."

आता मला रोज काम आहे. भिकाचा पेंढा, हेमंतचा पेंढा, रांध्याच्या लोकांचा पेंढा. रविवारी भिका मडगार्डवर जागा करून देतो, पण हेमंत मागे माझ्यावर गाठींना टेकून बसतो आणि सुटत जाणारा रस्ता बघतो. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या फ्लॅटमध्ये जातो. शेजारी आता दुसरं बिऱ्हाड आलं आहे, त्यांची याची ओळख नाही.

अभिजीत, ते पार्सल एव्हाना तुला पोचलं असेल. विकलेल्या ट्रेलरचा जोड कुणाकडे राहत नाही, एवढं तुला कळेलच. रागावू नकोस, फक्त फोन कर. रविवारी कर, तेव्हा तो शेतावर असतो आणि डबा खाताना त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. मी असतो, पण माझं बोलणं त्याला ऐकू येत नाही.