बदलावी न लागणारी लेन्स

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसते ती. अंगावरचा काळा रंग कडेकडेने उडाला आहे, रबरी पट्टा सैल झाला आहे, आणि कॅमेरा जरा खाली झुकवला की माझी नळी आपोआप सरकून लांब होते, डुलकी घेणाऱ्या माणसाची मान पुढे यावी तशी. थकले आहे मी. पण विचारलंत, तर सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. तोंडावर फडकं बांधलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकामागे एक भिंगं बसवली, कडं फिरवून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी आले दुकानाच्या काचेच्या कपाटात. माझ्या एका बाजूला होती लांबलचक लेन्स. दूरच्या झाडावरचा पक्षी हाताशी आणून ठेवायची. दुसऱ्या बाजूला एक आखूड, जाडजूड. चेहरे काढावेत तर तिनेच. दोघींचा केवढा तोरा! मी मधली. खोली, रस्ता, जवळचं माणूस, लांबचं माणूस, मला सगळंच जमायचं; पण सगळं बेताचं.

एके दिवशी दोघी बहिणी दुकानात आल्या. थोरली शिवणाचा वर्ग चालवायची, म्हणून सगळे तिला 'बाई' म्हणत. पण आता वर्ग बंद होता. पक्षाघाताने तिचा डावा हात लुळा पडला होता. तो हात ती शालीखाली झाकून ठेवायची. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; बाई मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. म्हणून धाकटीने तिला ओढून आणलं होतं. लग्नाआधी बाईला फोटो काढायचा भारी नाद होता म्हणे.

दुकानदाराने कॅमेरा काढला आणि आम्हा तिघींना ओळीने मांडलं. "या दोन घ्या, एक लांबसाठी, एक चेहऱ्यांसाठी. प्रसंग बघून बदलायच्या."

"बदलायला दोन हात लागतात," बाई म्हणाली.

धाकटीने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही हो?"

"हिला सगळं थोडं थोडं येतं. पण कशातच पहिला नंबर नाही."

"पहिल्या नंबरची नकोच मला," बाई म्हणाली. "एकदा बसवली की बदलावी न लागणारी द्या."

दुकानदाराचे शब्द मला लागले होते. बाईचे मात्र गोड वाटले.

घरी बाईचे यजमान होते. घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून गल्लीत त्यांना घड्याळकाका म्हणत. खिडकीजवळच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर वाकलेले असत. बाई उजव्या हाताने कॅमेरा धरायची, कोपर उशीवर टेकवायची आणि डावा हात कसाबसा माझ्याखाली ठेवायची. लांबचं जवळ आणायला माझं कडं फिरवायचं, ते काम त्याच हाताचं. पण कडं नवं, घट्ट. बोटांत जीव नाही. त्यामुळे सुरुवातीचे सगळे फोटो एकाच मापाचे. अख्खी खोली, शेगडी, दोरीवरचे कपडे आणि कोपऱ्यात काकांची पाठ.

"माझी पाठच तेवढी आवडते वाटतं तुला," काका म्हणायचे.

"पुढे येता येत नाही हो," बाई चिडायची, कधी रडायची. मग मला टेबलावर आदळायची. अंगावरचा पहिला ओरखडा त्याच दिवसांतला. मी कंटाळले होते, मित्रांनो. कपाटातल्या त्या दोघी आता कुठे कुठे फिरत असतील, असं मनात यायचं.

पण बाईने सोडलं नाही. रोज सकाळी, चहा झाला की ती कड्याशी झटापट करायची. कडं केसभर सरकायचं. कधी तेवढंही नाही. हळूहळू फोटोतली शेगडी बाजूला पडली, कपडे गेले, टेबल जवळ आलं. आणि एकदा कडं शेवटपर्यंत फिरलं! काकांनी तेवढ्यात मान वळवली होती.

"अहो, हे बघा! तुमचं नाक!"

काकांनी फोटो बघितला. "केवढं आहे गं हे!" म्हणाले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

त्यानंतर बाई घराबाहेर पडली. शाल घरीच राहिली. भाजी निवडणाऱ्या शेजारणी, शाळेतून सुटलेली पोरं, बाकावर वाद घालणारे म्हातारे, सगळ्यांचे फोटो मी काढले. लोक ते फोटो घरात लावायचे आणि बाईला म्हणायचे, "किती छान कॅमेरा आहे हो!" माझं नाव कुणी घेतलं नाही. कॅमेरे दोनदा बदलले, मी तीच राहिले. ऊन, धूळ, घामेजलेली बोटं, सगळं सोसलं. कड्यात बारीक माती शिरली आणि ते फिरताना करकरू लागलं.

मग काकांच्या डोळ्यांचं झालं. आधी धूसर दिसायचं, मग कडेचं दिसेना, आणि शेवटी काहीच नाही. घड्याळांचं टेबल आवरलं गेलं. बाईने त्याच दिवशी मला चामडी पिशवीत घातलं, पिशवी कपाटात ठेवली आणि दार लावलं. मला जपण्यासाठीच ठेवलं असेल. पण तिथे ओल होती, अंधार होता. माझ्या पोटातल्या भिंगावर बुरशीचे पांढरे धागे पसरू लागले. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

बऱ्याच काळाने कपाटाजवळ काकांचा आवाज आला. "अगं, तुझ्या त्या लेन्सची करकर ऐकू येत नाही हल्ली."

"बंद केलंय मी."

"का?"

बाईने कपाटाची कडी पुन्हा घट्ट लावली.

"मला दिसत नाही, म्हणून तूही बघायचं सोडलंस होय?" काका म्हणाले. "अगं, निदान तू तरी बघ. आणि मला सांग."

दुसऱ्या दिवशी बाई मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. एरवी काकांनीच मला उघडलं असतं. दुरुस्तीवाल्याने मला दिव्यासमोर धरलं. "बुरशी आहे आत. साफ करतो, पण डाग राहणार. नवी घ्या की, आता हिच्यात काय उरलंय?"

"कडं फिरतंय ना?" बाईने विचारलं.

"फिरतंय. उलट सैल झालंय."

"मग साफ करा."

डाग राहिलाच. उजेड समोरून आला की माझ्या फोटोवर दुधासारखी साय धरते. तरी रोज सकाळी बाई मला खिडकीत घेऊन बसते. कडं करकरतं, काका कान देतात आणि विचारतात, "काय दिसतंय?" ती सांगते. "दुधाची गाडी आलीय. समोरची आज केस मोकळे सोडून उभी आहे." आणि काका खुर्चीत सावरून बसतात.

मित्रांनो, मला आता विश्रांती हवीशी वाटते, खोटं कशाला बोलू? पण ती कपाटातली नको. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, हवेशीर ठेवा, अधूनमधून हातात घ्या. जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. आणि फेकायची वेळ आली असं वाटलं, तर आधी घरातल्यांना विचारा. तिचा आवाज अजून कुणीतरी ऐकत असेल.